बाटलीवरचं नाव, पेपरातलं नाव

"आत्या, तुझ्या बाटल्यांवर ॲसेटिक, माझ्या पेपरात इथेनॉइक. दोघांतलं खरं कुठलं ते एकदाचं सांग."

भाची बारावीला आहे. डोंबिवलीहून लालबागला आली ती दप्तर खांद्यावरून न काढताच हे विचारत. दोन्ही नावं एकाच आम्लाची, व्हिनेगरमधल्या; ॲसेटिक जुनं, इथेनॉइक नवं. माझ्या बाटल्या म्हणजे नोकरीतल्या. मुंबईतल्या एका कॉलेजच्या केमिस्ट्री विभागात मी ३१ वर्षं काढली. आधी लॅब असिस्टंट होते, मग स्टोअरच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. शिकवणं हे काही माझं काम नव्हतं. पण प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी "मॅडम, हे सक्सिनिक म्हणजे कुठलं हो?" असं विचारायला पोरं स्टोअरच्या खिडकीशीच यायची, सरांकडे नाही.

तिला चहा दिला आणि ब्रेडची पिशवी पुढे सरकवली. म्हटलं, मागचं बारीक अक्षर वाच. प्रिझर्व्हेटिव्ह, आयएनएस २८२. आयएनएस म्हणजे खाण्यात घालायच्या अशा द्रव्यांचा आंतरराष्ट्रीय नंबर. हे कॅल्शियम प्रोपियोनेट, ब्रेडला बुरशी लवकर धरू नये म्हणून घालतात. तुझ्या पेपरात ह्यालाच कॅल्शियम प्रोपेनोएट लिहायचं. बेकरीवाला तसं म्हणायला लागला तर त्याला माल कोण देणार?

आम्लांच्या आणि त्यांच्या क्षारांच्या जुन्या-नव्या नावांबद्दल त्या दुपारी तिला जे सांगितलं ते इथे लिहून काढते आहे. क्रम माझाच आहे, पुस्तकातला नाही.

आधी कार्बन मोजा

नव्या पद्धतीचं नाव म्हणजे हिशेब. सगळ्यात लांब साखळीत कार्बन किती ते मोजायचं, तेवढ्या कार्बनच्या अल्केनचं (म्हणजे नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या, एकेरी बंधांच्या साखळीचं) नाव घ्यायचं आणि शेवटी 'ऑइक ॲसिड' जोडायचं. मेथेनचं मेथेनॉइक, इथेनचं इथेनॉइक, प्रोपेनचं प्रोपेनॉइक, ब्युटेनचं ब्युटेनॉइक.

दहातली सहा मुलं इथेच चुकतात, कारण सीओओएच (एक कार्बन, दोन ऑक्सिजन, एक हायड्रोजन) ह्या आम्लाच्या गटातला कार्बन ती मोजतच नाहीत. ॲसेटिक ॲसिडमध्ये एक मेथिल, म्हणजे एका कार्बनचा तुकडा, आणि एक सीओओएच. मेथिल दिसला की हात आपोआप 'मेथेनॉइक' लिहून मोकळा होतो. सीओओएचचा कार्बन हा साखळीतलाच, आणि क्रमांकही त्याचाच पहिला. त्याला १ नंबर देऊन मग पुढे मोजत जायचं. एवढं एक पक्कं केलं की अर्धे मार्क हातात.

जुन्या नावात हिशेब नसतो, गोष्ट असते. फॉर्मिकमध्ये मुंगी आहे, लॅटिनमध्ये फॉर्मिका म्हणजे मुंगी. १६७१ साली जॉन रे नावाच्या इंग्रज निसर्गअभ्यासकाने मुंग्यांचं ऊर्ध्वपातन करून हे आम्ल मिळवलं होतं. ॲसेटिक व्हिनेगरवरून, ब्युटिरिक लोण्यावरून. लोणी खवट झालं की जो वास येतो तो ब्युटिरिकचा. व्हॅलेरिक व्हॅलेरियन नावाच्या झाडाच्या मुळावरून, म्हणजे पेंटेनॉइक. प्रोपियोनिकचा ग्रीकमधला अर्थ 'पहिली चरबी', कारण चरबीतल्या आम्लांसारखं वागणारं सगळ्यात छोटं आम्ल ते.

पुढे तीन शेळ्या येतात. कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक. तिन्ही नावं लॅटिनमधल्या शेळीवरून पडली, कारण ही आम्लं शेळीच्या दुधाच्या चरबीत असतात आणि त्यांना वासही तसाच येतो. कार्बन अनुक्रमे ६, ८ आणि १०. हेक्झेनॉइक, ऑक्टेनॉइक, डेकेनॉइक. तिघांची जुनी नावं घाईत कोणालाही धड वाचता येत नाहीत, म्हणून माझ्या स्टोअरच्या रजिस्टरमध्ये ह्या तिघांपुढे मी कंसात आकडा लिहायचे. इथे मी बिनदिक्कत नव्या नावाच्या बाजूने आहे. एका अक्षराच्या फरकावर दोन कार्बन अवलंबून ठेवणं हा आगाऊपणा आहे.

आता भाचीच्या प्रश्नाचं उत्तर. नावं देण्याचे नियम आययूपॅक ही जागतिक संस्था ठरवते. ती १९१९ साली स्थापन झाली, पण सेंद्रिय संयुगांच्या नावांना शिस्त लावायची पहिली मोठी बैठक त्याआधी १८९२ मध्ये जिनिव्हात झाली होती. गंमत अशी की ह्याच आययूपॅकच्या २०१३ च्या शिफारशींत फॉर्मिक, ॲसेटिक, ऑक्सॅलिक आणि बेंझोइक ही जुनीच नावं पसंतीची म्हणून ठेवली आहेत. इथेनॉइक चालतं, पण त्यांची पहिली पसंती ॲसेटिक. म्हणजे भाचीच्या पेपरात ज्याला 'आययूपॅक नाव' म्हणून मार्क मिळतात, ते नाव खुद्द आययूपॅकच्या पहिल्या पानावरचं नाही. हे ऐकून ती हसली आणि लगेच म्हणाली, "मग मी पेपरात ॲसेटिक लिहू?" अजिबात नको. तपासणाऱ्याकडे उत्तरपत्रिकेचा गठ्ठा असतो आणि समोर नमुना उत्तर. 'आययूपॅक नाव लिहा' असं असेल तिथे इथेनॉइक, मेथेनॉइकच लिहायचं.

आयसोचा घोळ

जुन्या नावात 'आयसो' आलं की दोन्ही पद्धतींचं मोजमाप वेगळं होतं, हे कोणी स्वच्छ सांगत नाही. जुनं नाव फांदीसकट सगळे कार्बन मोजतं. नवं नाव फक्त लांब साखळी मोजतं आणि फांदी वेगळी सांगतं. आयसोब्युटिरिकमध्ये कार्बन चारच, पण सरळ साखळी तिनाची, म्हणून २-मेथिलप्रोपेनॉइक. आयसोव्हॅलेरिकमध्ये पाच, साखळी चाराची, म्हणून ३-मेथिलब्युटेनॉइक. हे आयसोव्हॅलेरिक कोणाला ओळखायचं असेल तर जुलै महिन्यात भिजलेले मोजे दिवसभर बुटात ठेवून संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये बूट काढावेत. घामट पायांच्या वासात ते असतंच.

क्षाराचं नाव

आम्लातल्या हायड्रोजनच्या जागी धातू बसला की होतो तो क्षार. त्याच्या नावाचं काम सोपं. 'इक ॲसिड' काढायचं, 'एट' लावायचं आणि धातू पुढे बसवायचा. ॲसेटिकचं ॲसिटेट, इथेनॉइकचं इथेनोएट. बेंझोइकचं बेंझोएट. रेणुसूत्र लिहिताना सोडियम शेवटी येतो, नाव घेताना आधी, एवढं सांभाळा. 'ऑक्सॅलाइट' असं काही नसतं. नायट्राइट, सल्फाइटची सवय इथे आणू नका.

क्षाराला दोन अर्धे असतात आणि जुनं-नवं दोन्ही अर्ध्यांत होतं हे मात्र लक्षात ठेवा. रक्त वाढायच्या गोळ्यांच्या पाकिटावर फेरस फ्युमरेट लिहिलेलं असतं. त्यातलं फेरस जुनं, नव्यात आयर्न आणि त्यापुढे कंसात दोन. फ्युमरेटही जुनंच. एक अर्धा नवा करून दुसरा तसाच ठेवला तर उत्तर अर्धवट राहतं.

ओळखीचा मामा

दोन सीओओएच असलेली आम्लं. नव्यात 'डायोइक'. इथे जुनी नावं पाठच करावी लागतात, इलाज नाही. क्रम लक्षात राहायला इंग्रजीत 'ॲपल पाय' ह्या गोड पदार्थाची एक ओळ मुलांना शिकवतात. आमच्या लॅबमध्ये ॲपल पाय कोणी खाल्लेला नव्हता, म्हणून मी आपली मराठी ओळ केली:

ओळखीच्या मामाने सकाळी गूळ आणला पिशवीत.

ऑक्सॅलिक, मॅलॉनिक, सक्सिनिक, ग्लुटारिक, ॲडिपिक, पिमेलिक. कार्बन दोनपासून सातपर्यंत, ओळीने. म्हणजे इथेनडायोइक, प्रोपेनडायोइक, ब्युटेनडायोइक, पेंटेनडायोइक, हेक्झेनडायोइक, हेप्टेनडायोइक. नायलॉन ज्यापासून बनतं ते ॲडिपिक, सहा कार्बनचं. सक्सिनिक हे तृणमणी, म्हणजे जीवाश्म झालेली राळ, तापवून मिळालं होतं, तृणमण्याचं लॅटिन नाव सक्सिनम. आणि ऑक्सॅलिक हे ऑक्सॅलिस वनस्पतीवरून. आपल्याकडे कुंडीत न बोलावता उगवते ती तीन पानांची आंबट आंबुशी, ती ह्याच कुळातली.

ऑक्सॅलेट आपल्याला घशाने माहीत आहे. अळूची पानं नीट शिजली नाहीत की घसा खाजतो, तो कॅल्शियम ऑक्सॅलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांनी. माझी आई दादरच्या बाजारात अळूवालीला "खाजरं नाही ना?" असं तीनदा विचारायची आणि तरी पातळ भाजीत चिंच घालायचीच. तिला कॅल्शियम इथेनडायोएट म्हटलं असतं तर तिने मला हाकलून दिलं असतं.

दोन सीओओएच म्हणजे दोन हायड्रोजन सुटायला मोकळे, म्हणून क्षारही दोन प्रकारचे. दोन्ही बदलले तर सोडियम ऑक्सॅलेट. एकच बदलला तर सोडियम हायड्रोजन ऑक्सॅलेट, जुन्या बाटल्यांवर सोडियम बायऑक्सॅलेट. 'बाय' दिसलं की मुलं दोन सोडियम समजतात. उलट आहे. एक सोडियम, एक हायड्रोजन शिल्लक. खायच्या सोड्याला बायकार्बोनेट म्हणतात ते ह्याच जुन्या सवयीने.

मॅलिक, मॅलेइक, मॅलॉनिक

आता माझी फजिती. एका वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलींना फळांतल्या आम्लांवर प्रोजेक्ट होतं आणि तुलनेसाठी मॅलिक ॲसिड हवं होतं. सफरचंदातलं आंबट ते मॅलिक. लॅटिनमध्ये मॅलम म्हणजे सफरचंद, आणि शेले नावाच्या स्वीडिश औषधविक्याने १७८५ मध्ये ते सफरचंदाच्या रसातून वेगळं केलं. ह्याच माणसाने १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आणि १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून सायट्रिक काढलं. दुकानदार असावा तर असा.

मी प्रिन्सेस स्ट्रीटच्या एका दुकानात फोन लावला. पाटीवर शामळदास गांधी मार्ग असलं तरी आम्ही सगळे प्रिन्सेस स्ट्रीटच म्हणतो, म्हणजे जुनं नाव-नवं नाव हा प्रकार फक्त केमिस्ट्रीतच आहे असं नाही. ऑगस्ट महिना, खिडकीवर पाऊस, तिकडे दुकानात गर्दी. मी म्हटलं मॅलिक, पाचशे ग्रॅम. त्याने ऐकलं मॅलेइक. दोन दिवसांनी बाटली आली, मी घाईत सही केली, बिल फाइलला लावलं.

प्रोजेक्टच्या दिवशी बाटली खिडकीतून देताना लेबलवर नजर गेली. रेणुभार ११६.०७. माझ्या रजिस्टरमध्ये मॅलिकपुढे १३४.०९ लिहिलेलं. फरक १८, म्हणजे पाण्याचा एक रेणू. तेव्हा उलगडलं. मॅलिक तापवलं की त्यातून पाणी निघून जातं आणि दुहेरी बंध तयार होतो. त्यातूनच मॅलेइक मिळालं, म्हणून नावातही लेक आईसारखी. मॅलॉनिकही मॅलिकपासूनच मिळालं म्हणून त्याचं नाव तसं. एका घरातली तीन माणसं, आणि हाक मारली की तिघंही 'ओ' देणार.

नव्या नावांत हा गोंधळ राहत नाही. मॅलिक म्हणजे २-हायड्रॉक्सीब्युटेनडायोइक (हायड्रॉक्सी म्हणजे ओएच गट). मॅलॉनिक म्हणजे प्रोपेनडायोइक. मॅलेइक म्हणजे ब्युटीनडायोइक, आणि त्याचं जुळं भावंड फ्युमरिक हेही ब्युटीनडायोइक. दोघांत फरक इतकाच की मॅलेइकमध्ये दोन्ही सीओओएच दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला, फ्युमरिकमध्ये विरुद्ध बाजूंना. नावाआधी कंसात झेड आणि ई ही अक्षरं येतात ती त्यासाठी. ब्युटेन आणि ब्युटीन हे देवनागरीत लिहिलं की फरक लख्ख दिसतो, फोनवर मात्र तोही बुडतो.

तर खरेदीचा नियम मी त्या दिवसापासून केला: फोनवर नाव सांगायचंच नाही, कॅस नंबर सांगायचा. प्रत्येक रसायनाला असा एक नोंदणी क्रमांक असतो आणि तो लेबलवर छापलेला असतो. मॅलेइकचा ११०-१६-७, फ्युमरिकचा ११०-१७-८. शेजारीशेजारी आहेत, तेव्हा आकडे सावकाश बोला आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. ह्या दोघांचा रेणुभारही सारखाच, त्यामुळे तिथे रेणुभाराची युक्ती चालत नाही. शंका आली तर चिमूटभर पाण्यात टाकून बघावं. मॅलेइक पटकन विरघळतं, फ्युमरिक तळाशी बसून राहतं.

ती चुकून आलेली बाटली परत घेतली गेली नाही. सील मीच फोडलं होतं.

लिंबूसत्त्वाला प्रोपेन का म्हणायचं

सायट्रिक ॲसिडमध्ये सहा कार्बन आहेत. नवं नाव: २-हायड्रॉक्सीप्रोपेन-१,२,३-ट्रायकार्बोक्झिलिक ॲसिड. भाची म्हणाली, "सहा असून प्रोपेन? आत्ताच म्हणालीस ना, सीओओएचचा कार्बन मोजायचा म्हणून?"

बरोबर पकडलं. 'ऑइक' नावात तो कार्बन मोजतात, 'कार्बोक्झिलिक' नावात मोजत नाहीत. साखळीच्या दोन टोकांना दोनच सीओओएच बसू शकतात. तिसरा आला की त्याला साखळीत घेता येत नाही, मग तिघांनाही बाहेर ठेवून उरलेली साखळी मोजायची. अंगठीला, म्हणजे बेंझीनसारख्या गोल साखळीला, लटकलेल्या सीओओएचचंही तसंच. थॅलिक म्हणजे बेंझीन-१,२-डायकार्बोक्झिलिक. पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक ज्यापासून होतं ते टेरेथॅलिक, बेंझीन-१,४-डायकार्बोक्झिलिक.

सायट्रिकच्या क्षाराचं नाव ट्रायसोडियम २-हायड्रॉक्सीप्रोपेन-१,२,३-ट्रायकार्बोक्झिलेट. जन्मात एकदा लिहा, मार्क घ्या, विसरा. ओआरएसच्या पाकिटावर ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट असतं, लिटरभर पाण्याच्या पाकिटात २.९ ग्रॅम, आणि ते नाव पुरेसं आहे. त्यातला एकही शब्द मात्र गाळू नका. नुसतं 'सोडियम सायट्रेट' म्हटलं तर एक सोडियमवालं, दोनवालं की तीनवालं? स्टोअरमध्ये सहसा तीनवालंच असतं, पण 'सहसा'वर द्रावण बनत नाही.

डायहायड्रेट हा शब्द गाळल्याने मी एकदा अख्खी बॅच बुडवली आहे. ०.१ नॉर्मल ऑक्सॅलिकचं द्रावण करायचं होतं, म्हणजे लिटरला सममूल्य भाराच्या दहाव्या भागाइतके ग्रॅम. स्टोअरमधलं ऑक्सॅलिक हे दोन पाण्याचे रेणू बरोबर घेऊन येणारं, त्याचा सममूल्य भार ६३, म्हणून लिटरला ६.३ ग्रॅम. मी नवीन होते, पुस्तकात बिनपाण्याच्या ऑक्सॅलिकचा ४५ पाहिला आणि ४.५ ग्रॅम वजन केलं. दुसऱ्या दिवशी पोटॅशियम परमँगनेटबरोबरच्या टायट्रेशनला दहा मिलीऐवजी सगळ्यांची ब्युरेट ७.१ ला गुलाबी. चाळीस मुलं, चाळीस ७.१. सरांना वाटलं सगळ्यांनी एकमेकांचं उतरवलं. मी तेव्हा गप्प बसले, आता सांगते.

अल्फा, बीटा आणि आकडे

जुन्या नावांबरोबर ग्रीक अक्षरं येतात, नव्यांबरोबर आकडे. जुन्यात सीओओएचच्या शेजारचा कार्बन अल्फा. नव्यात सीओओएच स्वतः १, म्हणून अल्फा म्हणजे २, बीटा म्हणजे ३. एक घर पुढे. लॅक्टिक हे अल्फा-हायड्रॉक्सीप्रोपियोनिक किंवा २-हायड्रॉक्सीप्रोपेनॉइक. मधुमेहाच्या रिपोर्टात दिसणारं बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरिक म्हणजे ३-हायड्रॉक्सीब्युटेनॉइक. 'बीटा-हायड्रॉक्सीब्युटेनॉइक' अशी खिचडी पेपरात करू नका.

अंगठीवर मात्र हे एक घर सरकत नाही, कारण तिथे १ नंबर अंगठीतल्या कार्बनला मिळतो, सीओओएचला नाही. चेहऱ्याच्या क्रीमवाले ज्याला बीटा हायड्रॉक्सी म्हणतात ते सॅलिसिलिक, नव्यात २-हायड्रॉक्सीबेंझोइक. सॅलिक्स म्हणजे विलोचं झाड. भाचीच्या क्रीमच्या ट्यूबवर दोन्ही जातीची आम्लं होती, बीटामध्ये सॅलिसिलिक आणि अल्फामध्ये ग्लायकॉलिक, म्हणजे हायड्रॉक्सीइथेनॉइक. ट्यूब साडेचारशेची आहे हे तिने मला सांगितलं नाही, पण छापलेलं होतं.

बेंझोइकबद्दल थोडं थांबते, कारण ते नाव घरातलंच आहे. जावा-सुमात्राकडून येणाऱ्या सुगंधी राळेला अरब व्यापारी लुबान जावी म्हणायचे. युरोपात जाताजाता पहिला 'लु' गळला आणि उरलेल्याचं झालं बेंझोइन. त्या राळेतून मिळालं ते बेंझोइक ॲसिड, आणि बेंझीनही त्याच नावावरून. आपण तीच राळ ऊद म्हणून बाळाच्या अंघोळीनंतर जाळतो. माहीमच्या दर्ग्यात धुपाटण्यातून येतो तो लोबानचा वास, आणि तो 'लुबान' इथे गळलेल्या 'लु'सकट शाबूत आहे. सरबताच्या बाटलीवरचं आयएनएस २११, सोडियम बेंझोएट, हे त्याच घराण्याचं.

गॅलिक ॲसिड मायफळावरून, गुटीत उगाळतात त्या मायफळावरून. ३,४,५-ट्रायहायड्रॉक्सीबेंझोइक.

साबणाच्या वेष्टणावर

इथे तिसऱ्याच प्रकारची नावं भेटतात, जी ना जुनी ना नवी. वेष्टणावर सोडियम पामेट असतं. ते सोडियम पामिटेट नव्हे. पामिटेट म्हणजे पामिटिक ह्या एकाच आम्लाचा, सोळा कार्बनचा क्षार, नव्या भाषेत हेक्झाडेकेनोएट. पामेट म्हणजे पाम तेलात जी काही आम्लं होती त्या सगळ्यांचा एकत्र साबण. सोडियम कोकोएट हा तसाच खोबरेल तेलाचा. खोबरेलात सगळ्यात जास्त लॉरिक, बारा कार्बन, डोडेकेनॉइक. मायरिस्टिक चौदा, जायफळाच्या मायरिस्टिका ह्या नावावरून. स्टिअरिक अठरा.

आणि शाम्पूवरचं सोडियम लॉरिल सल्फेट हे लॉरिक ॲसिडचा क्षार नाही. 'लॉरेट' असतं तर असतं. 'लॉरिल' हा त्याच लांबीच्या अल्कोहोलचा तुकडा, सल्फेटला जोडलेला. शेवटचं अक्षर वाचल्याशिवाय मत देऊ नये.

नावात ॲसिड, आत सीओओएच नाही

कार्बोलिक म्हणजे फिनॉल. पिक्रिक म्हणजे २,४,६-ट्रायनायट्रोफिनॉल, आणि ते कोरडं पडलं तर स्फोटक, म्हणून बाटलीत पाणी आहे ना हे मी दर महिन्याला बघायचे. व्हिटॅमिन सी, ॲस्कॉर्बिक, त्यातही सीओओएच नाही. ह्यांना 'ऑइक' लावायला जाऊ नका.

जाताना भाचीने पेपरातला एक प्रश्न पुढे केला. फेलिंग बी मध्ये (साखर ओळखायच्या फेलिंग द्रावणाचा दुसरा भाग) रोशेल सॉल्ट असतं, त्याचं नाव लिहा. मी म्हटलं, पायऱ्यांनी चल. रोशेल हे फ्रान्समधल्या ला रोशेल गावावरून, ते सोड. जुनं नाव? पोटॅशियम सोडियम टार्टरेट. टार्टरिक कशात असतं? "चिंचेत." कार्बन किती? "चार. दोन सीओओएच, म्हणून ब्युटेनडायोइक. मधल्या दोघांवर ओएच, म्हणून २,३-डायहायड्रॉक्सी." धातू पुढे घे, 'इक'चं 'एट' कर. तिने वहीत लिहिलं: पोटॅशियम सोडियम २,३-डायहायड्रॉक्सीब्युटेनडायोएट. मग माझ्याकडे बघून तिने शेवटी आणखी एक शब्द जोडला, टेट्राहायड्रेट.